उजव्या टोकाचा व्हाइस

तिको: हळू, आचि! मोडेल ते.

क्रिसान्ता: मोडायला काय बिस्किट आहे? ओतीव लोखंड आहे हे. तू दांडा नीट धर. असा नव्हे, खालून. साठीला आलास, अजून व्हाइसचा दांडा कुठून धरायचा ते कळत नाही, आणि म्हणे मोठा कारागीर.

तिको: मोठी बहीण म्हणून ऐकून घेतो हं. वर्कशॉपमध्ये मी आत आलो की चौदा माणसं उठून उभी राहतात.

क्रिसान्ता: राहू देत. इथे खाली बसावं लागेल. ते रॉकेल ओत स्क्रूच्या आट्यांवर. अजून ओत. आता फिरव. बघ, काय गळतंय ते.

तिको: अरे बापरे. राख!

क्रिसान्ता: पिनातुबोची, ज्वालामुखीची. एक्याण्णव साली शेडचं छप्पर बसलं ना राखेच्या ओझ्यानं, तेव्हाची ही आत शिरलेली. डोंगर थंड झाला, तातांग गेले, इमा गेली, आई-बाप दोघंही गेले, आणि बापाचा व्हाइस तुझ्याकडे तसाच पडून. एकदा फडकं मारलं नाहीस त्याच्यावर.

तिको: वेळ कुठे मिळतो गं. म्हणून तर तुझ्याकडे आणला. भावोजींचे पाने, पकडी, सगळं तू जपून ठेवलंयस. तातांगचं बाकडंसुद्धा तुझ्याकडेच. आणि तुझ्याइतकं हे उघडायला कोणाला जमणार? हे बघ, तिबोक-तिबोक आणलंय. म्हशीच्या दुधाचं, लुसलुशीत, वर खोबऱ्याचा तळलेला चुरा. तुला लहानपणापासून आवडतं ते.

क्रिसान्ता: सहा महिने बहीण आहे की गेली ते विचारायला आला नाहीस. आज एवढं गोड घेऊन आलास म्हणजे काम मोठं दिसतंय. झाकून ठेव, मुंग्या लागतील.

तिको: काम काय, हेच. व्हाइस साफ करायचा. जरा चकाकला पाहिजे. फादर म्हणाले, ज्या व्हाइसमध्ये लाकूड पकडून माउलीचे पहिले हात कोरले, त्याच्यातच नवे व्हायला हवेत. रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेनंतर आशीर्वाद देणार आहेत त्याला. तुला कळलं असेलच, दोलोरोसा माउलीच्या, आपल्या दुःखी मरियेच्या मूर्तीच्या लाकडी हातांना वाळवी लागली.

क्रिसान्ता: मला कळलं असेल? अरे, मीच ती पहिल्यांदा बघितली. माउलीला कपडे कोण चढवतं? आम्ही अकरा बायका. दार लावून, पुरुष माणसाला आत पाऊल ठेवू देत नाही. त्यात हात बसवायचं काम माझं. बेचाळीस वर्षं दर गुड फ्रायडेच्या आधी ते हात मनगटांच्या भोकात मी बसवते. या वर्षी बसवायला घेतले तर हलके लागले, पापडासारखे. अंगठा दाबला तर आत गेला. तिथेच बसून रडले मी. बाकीच्यांना वाटलं, भक्तिभावानं रडतेय.

तिको: वाईट झालं. फारच वाईट.

क्रिसान्ता: तेव्हाच म्हटलं, आता तिको येणार. बघू काय घेऊन येतो. तू हा व्हाइस पोत्यात घालून आणलास. मागच्या टोकाला पिन आहे बघ, वाकलेली. पकडीनं आधी सरळ कर, मग ओढ. ओढ ना!

तिको: निघत नाही गं. बोट कापलं माझं!

क्रिसान्ता: इकडे दे. हे असं. निघाली. आता मागची पट्टी सरकव, आणि पुढचा जबडा सरळ बाहेर ओढ, दोन्ही दांडे एकदम येतील. तिरका ओढू नकोस, अडकेल. हां. बघितलंस? एवढंच असतं. चाळीस वर्षं याच्या नावावर भाषणं केलीस, एकदा उघडून बघायचा होतास.

तिको: टोमणे पुरे झाले आता. हे लोखंड कशात टाकायचं?

क्रिसान्ता: त्या टबमध्ये. शिर्का आहे, निपाच्या ताडाचा. दोन दिवस बुडवून ठेवला की गंज आपोआप सुटतो, मग तारेचा ब्रश. आणि काय रे, परवा बाजारात मला एकीनं सांगितलं, शाळेतल्या पोरांना तू माउलीच्या हातांची गोष्ट सांगितलीस. काय सांगितलंस?

तिको: नेहमीचंच. की अठराव्या वर्षी मी आमच्या इमाचे हात डोळ्यांसमोर ठेवून ते कोरले. कपडे धुऊन धुऊन झिजलेले हात.

क्रिसान्ता: इमाची कुठली करंगळी वाकडी होती?

तिको: अं?

क्रिसान्ता: धोपटण्याखाली सापडून मोडली होती तिची करंगळी. माउलीची पण तशीच आहे. कुठल्या हाताची?

तिको: उजव्या.

क्रिसान्ता: डाव्या.

तिको: चुकून बोललो. घाईत विचारलंस तू.

क्रिसान्ता: आणि व्हाइस बाकड्याच्या उजव्या टोकाला का होता, ते काय सांगतोस पोरांना? कोणीतरी विचारत असेल की. साऱ्या गावात व्हाइस डाव्या टोकाला असतो, तुमचाच उजवीकडे कसा?

तिको: सांगतो की. उजेडासाठी. तिकडे उजेड चांगला होता.

क्रिसान्ता: शेडची खिडकी डावीकडे होती, तिको. उजव्या टोकाला दुपारीसुद्धा दिवा लावावा लागायचा. मी डावखुरी म्हणून तातांगनी तो तिकडे नेला. मी बारा वर्षांची होते. एका रविवारी मिस्सा बुडवून भोकं पाडली त्यांनी, आणि म्हणाले, घे, आता तुझी कोपरं भिंतीला आपटणार नाहीत. माझ्यासाठी एवढं एक केलं त्यांनी जन्मात. त्यालाही तू उजेडाचं कारण लावून टाकलंस.

तिको: आचि, आपण दोघंच आहोत इथे. मी कधी नाही म्हटलंय का तुझ्यासमोर? हात तू केलेस. झालं समाधान? पण ते ठरवलं तातांगनी. त्यांना मोतीबिंदू, डोळ्यांपुढे सगळं धुरकट. शेड बंद पडायची वेळ आलेली. पोरीच्या हातचं काम म्हटल्यावर दुसरी ऑर्डर कोणी दिली असती? मुलाचं नाव लागलं म्हणून शेडचं वर्कशॉप झालं. तुझं लग्नच त्या पैशातून झालं ना.

क्रिसान्ता: लग्न! मनिलाहून तो म्हातारा मूर्तिकार आला होता ते हात बघायला. विसरलास? म्हणाला, ज्यानं हे केलंय त्याला माझ्याकडे पाठवा, शिकवतो. तातांगनी तुला पाठवलं. आठ दिवसांत परत आलास, पोट बिघडलं म्हणून.

तिको: खरंच बिघडलं होतं.

क्रिसान्ता: त्यानं तुझ्या हातात पटाशी दिली असेल, म्हणून बिघडलं. आणि मी इथे खुर्च्यांना पॉलिश पेपर मारत बसले, लग्न होईपर्यंत. बरं, ते राहू दे. रविवारी आशीर्वाद झाला, पुढे?

तिको: पुढे मी हाच व्हाइस तुझ्याकडे परत आणतो. लोकांना सांगतो, मला शांतता हवी, बहिणीच्या शेडमध्ये बसून करणार. रोज येऊन बसेन तुझ्याजवळ. लाकूड मी आणतो, जुनं, मुरलेलं, बातिकुलिंगचं. तुला दुसरं काही बघावं लागणार नाही. पायाशी पंखा लावून देतो.

क्रिसान्ता: म्हणजे परत मीच.

तिको: दुसरं कोण करणार, आचि? माझ्या चौदा माणसांना पानं-फुलं येतात, तीसुद्धा मशीन अर्धी कोरून देतं. तसे हात कोणालाच येत नाहीत. माझ्याच्यानं तर... तुला माहीतच आहे.

क्रिसान्ता: करते.

तिको: खरंच? मला वाटलंच होतं, तू नाही म्हणणार नाहीस!

क्रिसान्ता: पुढचं ऐक. मला ते हात करायचेच आहेत. एप्रिलपासून झोप नाही मला. स्वयंपाक करता करता तांदळाच्या पिठावर बोटं काढत बसते. बासष्टची झाले, बोटं सकाळी आखडतात, आणखी दोन वर्षांनी पटाशी धरवणार नाही. हे माझं शेवटचं आहे. पण रविवारी फादर आशीर्वाद देतील तेव्हा तू सगळ्यांसमोर उभा राहून सांगायचं. पहिले हात क्रिसान्तानं केले, नवेही तीच करणार. एवढं एक वाक्य.

तिको: हे कसं शक्य आहे?

क्रिसान्ता: तोंड आहे ना? त्यानंच.

तिको: आचि, विचार कर. वर्कशॉपच्या पाटीवर ते हात आहेत. गाडीवर आहेत. नातवाच्या शाळेत मला बोलावतात ते त्या हातांसाठी. उद्या सांगितलं की माझे नव्हतेच, तर लोक म्हणतील याचं बाकीचं तरी कुठे खरं आहे? या वयात मी तोंड कुठे लपवू? आणि तुला काय मिळणार त्यातून? दोन दिवस लोक वा वा करतील.

क्रिसान्ता: दोन दिवस पुरतील मला.

तिको: आणि तातांग? मेलेल्या बापाला खोटं पाडणार तू?

क्रिसान्ता: तातांगचं नाव काढलंस ते बरं केलंस. तो लाकडी पट्ट्यांचा जबडा दे इकडे. स्क्रू काढते.

तिको: पट्ट्या राहू दे गं. चांगल्या आहेत. नुसता वरून ब्रश मार.

क्रिसान्ता: वाळवीचं घर आहे की नाही ते बघायला नको?

तिको: नको, राहू दे म्हणतो ना! जुन्या पट्ट्या तशाच दिसायला हव्यात लोकांना. तातांगच्या हातच्या आहेत.

क्रिसान्ता: तुला कशाची एवढी भीती वाटतेय? ऐक, मी सांगते तुला या पट्टीची गोष्ट. हात चर्चमध्ये गेले त्या दिवशी मी शेडमध्ये कोंडून घेतलं होतं. इमानं जेवायला बोलावलं, गेले नाही. संध्याकाळी तातांग आले. व्हाइसच्या पट्ट्या बदलत बसले. चर्चमधल्या मेणबत्त्यांची थुटकं वितळवून मागच्या बाजूला मेण चोपडत होते, लोखंडाचा गंज लाकडाला लागू नये म्हणून. मला म्हणाले, रडू नकोस. या पट्टीच्या मागं तुझं नाव लिहून ठेवतोय. हात कोणी केले ते या व्हाइसला माहीत असेल आणि देवाला दिसेल. आणि खिशातून पेन्सिल काढली.

तिको: आचि...

क्रिसान्ता: मी उठले, तोंड धुतलं आणि जेवले. बेचाळीस वर्षं तेवढ्यावर काढली मी. तू भाषण करायचास तेव्हा मागच्या बाकावर बसून मनात म्हणायची, बोल रे बाबा, बोल, त्या पट्टीच्या मागं काय आहे ते मला ठाऊक आहे. म्हणून तर तुझं पोतं घरात घेतलं. नाहीतर दारातून परत पाठवला असता. हा शेवटचा स्क्रू. पकड खाली.

तिको: नको काढूस, ऐक माझं.

क्रिसान्ता: निघाली. मेण बघ, अजून तसंच. नखानं निघतंय. लाकूड किती स्वच्छ राहिलंय आत, काल तासल्यासारखं. चष्मा दे माझा.

तिको: आचि, पेन्सिलच ती. एवढ्या वर्षांत पुसली असेल.

क्रिसान्ता: पुसली नाही. आहे. नऊ. अडीच. पाऊण. तातांगचंच अक्षर, नऊचं शेपूट असं लांब. लांबी, रुंदी, जाडी.

तिको: दुसऱ्या पट्टीच्या मागं असेल.

क्रिसान्ता: तीही काढते. नऊ. अडीच. पाऊण.

तिको: जाऊ दे ना. म्हातारा माणूस, दिसत नव्हतं त्यांना.

क्रिसान्ता: मापं लिहिण्यापुरतं दिसत होतं. तुला माहीत होतं.

तिको: मला कसं माहीत असणार?

क्रिसान्ता: मघापासून पट्टी काढू नको, पट्टी काढू नको चाललंय तुझं. वाळवीला घाबरत होतास का? बोल.

तिको: त्यांनीच सांगितलं मला, त्याच रात्री. म्हणाले, नाव लिहितो म्हटलं तेव्हा कुठे थांबली रडायची. मी म्हटलं, लिहिलंत का? तर म्हणाले, उद्या तू पट्ट्या बदलशील, कोणा गड्याच्या हाती लागेल, बोभाटा होईल. तुझ्यासाठीच नाही लिहिलं, म्हणाले. मी तरी काय करणार होतो?

क्रिसान्ता: सांगायचं होतंस मला.

तिको: तुला वाईट वाटलं असतं.

क्रिसान्ता: हो, वाटलं असतं. वीस वर्षांची होते, वाईट वाटून घ्यायला अख्खा जन्म होता पुढे. रागावून कुठेतरी निघून तरी गेले असते. मनिलाला गेले असते त्या म्हाताऱ्याचं दार शोधत. तुम्ही दोघांनी मला या पट्टीशी बांधून ठेवलंत.

तिको: चुकलं आमचं. मी पाया पडतो तुझ्या, आचि. पण आता ते हात कर. माझ्यासाठी नको, माउलीसाठी कर.

क्रिसान्ता: रविवारी ते वाक्य बोलशील?

तिको: ते सोडून काहीही सांग.

क्रिसान्ता: बरं. शनिवारी संध्याकाळी ये. व्हाइस तयार असेल.

तिको: म्हणजे करणार ना तू?

क्रिसान्ता: व्हाइस तयार असेल म्हटलं. तिबोक-तिबोक घेऊन जा. मला नको.

(शनिवार, संध्याकाळचे पाच. क्रिसान्ताची शेड. बाकड्यावरच्या बुरोच्या, म्हणजे मासे घालून आंबवलेल्या भाताच्या, बरण्या खाली भिंतीशी मांडलेल्या.)

तिको: आईशप्पथ! हा तोच व्हाइस? नवाकोरा दिसतोय. हिरवा रंग कुठून मिळवलास? अगदी पहिल्यासारखा.

क्रिसान्ता: ग्वाग्वाच्या बाजारातून. फिरवून बघ.

तिको: लोण्यासारखा फिरतोय. एका बोटानं! आचि, तुझा हात म्हणजे... मी नेहमी म्हणतो घरी, आमच्या आचिच्या हाताला तोड नाही.

क्रिसान्ता: घरीच म्हणत जा. आट्यांतली राख काढायला दीड दिवस लागला, सुईनं. गंज गेला तो दोन दिवसांत. स्प्रिंग तुझ्या भावोजींच्या डब्यात होती, ती बसली. पट्ट्या नव्या केल्या. जुन्या चुलीत घातल्या.

तिको: जाळल्यास?

क्रिसान्ता: भात शिजला त्यांच्यावर. मेणामुळे चांगल्या पेटल्या.

तिको: बरं, बरं. तुझा राग समजतो मला. पण... हा इकडे का लावलास?

क्रिसान्ता: कुठे?

तिको: डाव्या टोकाला. याची भोकं तर तिकडे उजवीकडे आहेत ना? तातांगनी पाडलेली. तुला इथे बसून करताच यायचं नाही, कोपर भिंतीला लागेल.

क्रिसान्ता: मला कशाला यायला हवं? काल नवी भोकं पाडली, लाकडात चार, पक्के बोल्ट लावलेत. तू उजवा आहेस. उजव्या माणसाचा व्हाइस डाव्या टोकालाच असतो, अख्ख्या गावात.

तिको: थट्टा करू नकोस.

क्रिसान्ता: लाकूड शेजारी काढून ठेवलंय बघ, तू पाठवलेलंच. पटाश्यांना धार लावलीय, दाढी होईल इतकी. उद्या व्हाइस चर्चमध्ये न्यायचा नाही. मी फादरना सांगून आले, बोल्ट पक्के बसलेत, तुम्हीच इकडे या. मिस्सा झाली की येतायत. आणि आमच्या दहाही बायका येतायत. चाळीस वर्षं माउलीला कपडे चढवणाऱ्या. त्यांना मोठी हौस आहे, रुस्तिको म्हणजे तू पहिला हात कसा कोरायला घेतोस ते बघायची.

तिको: तू माझा फजितवाडा करणार सगळ्यांसमोर!

क्रिसान्ता: मी एक शब्द बोलणार नाही. मी कॉफी करणार आहे सगळ्यांना. तू हवं ते बोल. ते वाक्य बोललास तर मी बोल्ट काढून व्हाइस परत उजवीकडे लावेन, रात्र झाली तरी लावेन. नाही बोललास तर कोर.

तिको: आचि, आता मस्करी पुरे. उद्या मी नाहीच आलो तर?

क्रिसान्ता: तर फादर मला विचारणार, आणि मी सांगेन, त्याचं पोट बिघडलंय.

तिको: आणि माउली? पुढच्या गुड फ्रायडेला बिनहातांची काढणार का तिला रस्त्यावर? तुझ्या हट्टापायी? तुला तरी चालेल का ते?

क्रिसान्ता: नाही चालणार. जीव जळतो माझा. मी ते हात केले असते, तिको, आणि पहिल्यांपेक्षा चांगले केले असते. आता मला माहीत आहेत म्हाताऱ्या बाईचे हात कसे असतात ते. ते होणार नाहीत. पण माउलीची काळजी तू करू नकोस. बाह्या लांब करू, पुढे मोठा रुमाल धरवू. झाकायचं कसं ते आम्हां बायकांना चांगलं येतं.

तिको: मला पटाशी धरता येत नाही गं. तुला ठाऊक आहे ना?

क्रिसान्ता: ठाऊक आहे. अजून उजेड आहे तासभर. स्टूल ओढ आणि बस. खिडकी डाव्या अंगाला आहे, कामावर हाताची सावली पडायची नाही.